इंडेंटवर नुसतं ‘हँडग्लोव्हज’ लिहू नका: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
दिघ्यापासून शिरवण्यापर्यंतच्या एमआयडीसीतले कारखानदार, परचेस आणि स्टोअर सांभाळणारी मंडळी आणि कामगार पुरवणारे ठेकेदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सत्तावीस वर्षं रबाळ्याच्या एका केमिकल कारखान्यात स्टोअर सांभाळलं. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते कुण्या एका कारखान्याचं नाही. माझ्या खिडकीतून नट-बोल्टपासून पंपाच्या सीलपर्यंत सगळं गेलं, पण सगळ्यात जास्त वेळा गेले ते हातमोजे. आमच्या इंडेंटबुकात, म्हणजे स्टोअरकडे माल मागायच्या वहीत, त्यांची नोंद एवढीच असायची: ‘रबर हँडग्लोव्हज, १२ जोड्या’. कुठल्या केमिकलसाठी, किती वेळाच्या कामासाठी, कुणाच्या हातासाठी, यातलं काहीच नाही. मीही कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे मला फार उशिरा कळलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

नवी जोडी हवी तर जुनी जमा करायची, असा आमच्याकडे नियम होता. त्यामुळे वापरलेले हातमोजे माझ्या टेबलावर यायचे. सॉल्व्हंटच्या, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांच्या, बाजूने आलेला रबरी हातमोजा लांबूनच ओळखू यायचा. बोटं फुगून ढब्बू झालेली, रबर मऊ पडून चिकट झालेलं, दोन बोटं एकमेकांना लागली की सुटायला तयार नाहीत. पीव्हीसीच्या हातमोज्यांचं उलट. टोल्यूइन किंवा एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) अशा सॉल्व्हंटमध्ये चार दिवस काम केलेला पीव्हीसी वाळला की कडक व्हायचा, मूठ वळवली तर तडकायचा. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं, ते सॉल्व्हंट ओढून घेतं. आणि कॉस्टिक सोड्याच्या प्लांटमधून मात्र त्याच खोक्यातल्या जोड्या महिना-महिना धड परत यायच्या. माल तोच, लॉट तोच. तरी दर महिन्याला मी तीच ऑर्डर पुढे पाठवत राहिले, कारण रेट ठरलेला होता आणि सप्लायर ठरलेला होता.

फुगलेला, तडकलेला हातमोजा निदान डोळ्यांना दिसतो, कामगार तो फेकून देतो. खरी भीती आहे ती जो हातमोजा बाहेरून नव्यासारखा दिसतो आणि आतून हात ओला करतो त्याची.

आपल्या घरात खड्याचा हिंग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवला तरी दुसऱ्या दिवशी मसाल्याच्या अख्ख्या कपाटाला वास लागतो. पिशवीला भोक नसतं. वास प्लास्टिकच्या अंगातूनच बाहेर येतो. हातमोज्यात हेच उलट्या दिशेने होतं. केमिकलचे कण बाहेरच्या बाजूने रबरात मुरतात, त्यातून सरकत सरकत आत पोचतात आणि कातडीला लागतात. ना भोक, ना चीर, ना डाग. केमिकल बाहेरून लागल्यापासून आतल्या बाजूला पोचेपर्यंत जो वेळ जातो, त्याला ‘ब्रेकथ्रू टाइम’ म्हणतात. हा वेळ प्रत्येक केमिकलचा आणि प्रत्येक हातमोज्याचा वेगळा असतो. निळ्या पातळ नायट्राइल हातमोज्यातून ॲसिटोन मिनिटभरात, दोन मिनिटांत आत येतं. बुटाइल रबराच्या जाड हातमोज्यातून तेच ॲसिटोन पूर्ण शिफ्ट संपेपर्यंत येत नाही. खोक्यावर दोन्हीकडे ‘केमिकल रेझिस्टंट’ एवढंच छापलेलं असतं.

आणि एकदा आत आलेलं केमिकल बाहेर जाऊ शकत नाही. उघड्या हातावर पडलेलं सॉल्व्हंट उडून तरी जातं. हातमोज्याच्या आत ते घामाने भिजलेल्या, फुगलेल्या कातडीला तासन् तास चिकटून बसतं. चुकीचा हातमोजा कधीकधी उघड्या हातापेक्षा वाईट, तो याचमुळे.

आमच्या एका ट्रेनिंगमध्ये कॅरन वेटरहान या अमेरिकन बाईंची हकीकत सांगितली होती. त्या डार्टमथ कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, आणि विषारी धातू हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या जहरी संयुगाचे काही थेंब त्यांच्या हातावर पडले. हातात लेटेक्सचे हातमोजे होते, तेव्हाच्या समजुतीप्रमाणे काळजी पुरेशी घेतलेली होती. काही महिन्यांनी त्यांचा तोल जाऊ लागला, बोलणं जड झालं, आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. नंतर तपासणी केली तेव्हा कळलं की ते केमिकल लेटेक्समधून पंधरा सेकंदांच्या आत पार होतं. हे ऐकून त्या दिवशी हॉलमध्ये सगळे गप्प झाले होते. दुसऱ्या दिवशी मी आठ वाजता खिडकी उघडली आणि पहिलं इंडेंट आलं, ‘रबर हँडग्लोव्हज, ६ जोड्या’. मी देऊन टाकले.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो माझ्या भाच्यामुळे. तो एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर होता, ठेकेदारामार्फत. स्टेनलेस स्टीलच्या टाकीवर वेल्डिंग झालं की जोडाजवळ काळपट-निळे डाग पडतात. ते काढायला ब्रशने पांढरी पिकलिंग पेस्ट लावतात. त्या पेस्टमध्ये नायट्रिक ॲसिड असतं आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. त्याला दिले होते मेडिकलच्या दुकानात मिळतात तसले निळे पातळ हातमोजे. करोनानंतर ते जिथेतिथे झाले, स्वस्तही पडतात. काम करताना त्याला काही जाणवलं नाही. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, “मावशी, बोट नुसतं ठणकतंय गं, वरून काही दिसत नाही.” मी इतकी वर्षं केमिकल कारखान्यात काढलेली बाई, मी त्याला सांगितलं की भाजल्यावर लावतात ते मलम लाव आणि झोप. पहाटे बोटाचं टोक पांढरंफटक, राखाडी पडलं होतं.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड इतर ॲसिडसारखं वरून जाळत नाही. पातळ असलं तर कित्येक तास काहीच कळत नाही. ते कातडीतून आत उतरतं, तिथल्या कॅल्शियमला धरतं, मांस आणि हाड खातं. जास्त अंगावर पडलं तर रक्तातलं कॅल्शियम उतरून हृदय बंद पडू शकतं. त्यावर पहिला उपाय म्हणजे भरपूर पाण्याने धुणं आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळत राहणं. त्या वर्कशॉपच्या फर्स्ट एडच्या डब्यात कापूस, पट्टी आणि आयोडीन होतं. सुदैवाने सकाळी ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी पेस्टचा डबा आणायला लावला, लेबल वाचलं आणि लगेच कॅल्शियमची इंजेक्शनं दिली. बोट वाचलं, नख गेलं. त्या टोकाला त्याला अजून गरम-गार नीट कळत नाही. वय चोवीस.

त्या कामाला जाड निओप्रीन किंवा बुटाइलचे, कोपरापर्यंत येणारे हातमोजे लागतात, आणि तेही रोज तपासलेले. पातळ निळा हातमोजा डॉक्टरांच्या तपासणीसाठी केलेला असतो, जाडी साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. केमिकलच्या कामात त्याचा उपयोग एवढाच की एखादा थेंब उडाला तर तो लगेच काढून फेकायचा आणि हात धुवायचे. जाडीचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे: एकाच रबराची जाडी दुप्पट केली की आरपार यायला लागणारा वेळ साधारण चौपट होतो.

त्यानंतर मी सप्लायरांकडून कुठला हातमोजा कुठल्या केमिकलला किती मिनिटं अडवतो याचे चार्ट मागवले, आमच्या सेफ्टी ऑफिसरांबरोबर बसले आणि प्लांटप्रमाणे वही केली. त्यातलं जे अगदी रोज लागतं ते इथे सांगते, कारण आपल्या पट्ट्यात डाय इंटरमीजिएट (कापडाच्या रंगांसाठी लागणारी कच्ची रसायनं), औषधं, रंग, प्लेटिंग सगळंच चालतं.

नायट्राइल, म्हणजे आपल्याकडचा जाड हिरवा हातमोजा, तेल, डिझेल, ग्रीस, हेक्झेन यांना उत्तम. पण ॲसिटोन, एमईके (मिथाइल इथाइल कीटोन), एमडीसी यांच्यापुढे तो टिकत नाही. ॲसिटोन आणि एमईकेला बुटाइल लागतो. डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) आणि ॲनिलीनलाही बुटाइलच, आणि या दोघांबद्दल मी हात जोडून सांगते. डीएमएफ कातडीतून शरीरात जातं आणि यकृतावर बसतं. ॲनिलीन कातडीतूनच रक्तात जातं, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घालवतं, माणसाचे ओठ निळे पडतात. डाय इंटरमीजिएटमध्ये काम केलेल्या जुन्या माणसांना ‘निळा पडला’ म्हणजे काय ते विचारा, ते सांगतील. हाच बुटाइल पेट्रोलला किंवा टोल्यूइनला दिलात तर तो फुगून निकामी होतो. टोल्यूइन, झायलीन यांना व्हायटन नावाच्या रबराचा हातमोजा चालतो, पण व्हायटन ॲसिटोनला चालत नाही. पीव्हीए नावाचा एक हातमोजा टोल्यूइन आणि एमडीसी दोन्हींना फार चांगला, पण तो पाण्यात विरघळतो. जुलै महिन्यात तुर्भ्याच्या गळक्या शेडखाली तो देऊन चालणार नाही, आणि घाम येणाऱ्या हाताला तर नाहीच.

ही माहिती पाठ करायची गरज नाही. सगळ्या केमिकलना चालेल असा एकही हातमोजा जगात नाही, एवढं परचेसच्या टेबलावर लिहून ठेवलं तरी निम्मं काम झालं.

थिनरचं वेगळं सांगते, कारण थिनर प्रत्येक कारखान्यात असतो आणि त्याला कुणी केमिकल समजतच नाही. ब्रश धुवायला थिनर, मशीन पुसायला थिनर, हाताचा रंग काढायला थिनर. त्यात बहुतेक वेळा टोल्यूइनसारखं काही असतं, जोडीला ॲसिटोनसारखं काही असतं. एकाला चालणारा हातमोजा दुसऱ्याला चालत नाही. मिश्रणात जो सगळ्यात लवकर आरपार जातो त्याच्यावरून हातमोजा ठरवावा लागतो, आणि कधीकधी मिश्रण प्रत्येक घटकापेक्षाही लवकर जातं. अशा ठिकाणी लॅमिनेटचा, म्हणजे प्लास्टिकच्या अनेक थरांचा पातळ चपटा हातमोजा आत घालतात आणि पकड यावी म्हणून वरून नायट्राइलचा घालतात. लॅमिनेट हाताला अवघडच असतो, बोटं वळत नाहीत अशी तक्रार येणारच. ती ऐकून घ्या, पण त्यासाठी जुन्या रबरी जोडीवर परत जाऊ नका.

आता खरेदीचं. सप्लायर सांगतो, “मॅडम, ईएनचं सर्टिफिकेट आहे.” असेल. ईएन आयएसओ ३७४ या युरोपीय मानकात अठरा केमिकलची यादी आहे आणि प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर आहे. निदान सहा केमिकल अर्धा तास अडवली तर टाइप ए, तीन अडवली तर टाइप बी, एकच केमिकल दहा मिनिटं अडवलं तर टाइप सी. हातमोज्यावर प्रयोगशाळेतल्या चंबूचं चित्र असतं, त्याखाली अक्षरं असतात. ती अक्षरं वाचा. ‘जे, के, एल’ असेल तर तो हेप्टेन, चाळीस टक्के कॉस्टिक आणि शहाण्णव टक्के सल्फ्युरिकवर तपासलेला आहे. ॲसिटोनचं अक्षर बी, एमडीसीचं डी, टोल्यूइनचं एफ, हायड्रोफ्लोरिकचं एस. ज्या केमिकलचं अक्षर तिथे नाही त्याबद्दल त्या सर्टिफिकेटने काहीच सांगितलेलं नाही. तेव्हा सप्लायरकडून तुमच्या केमिकलचं नाव आणि मिनिटं लिहिलेला चार्ट मागा. जो देत नाही त्याचं कोटेशन कितीही खाली असलं तरी बाजूला ठेवा.

चार्टवरची मिनिटंही जशीच्या तशी धरू नका. ती तपासणी २३ अंशांवर होते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, रिॲक्टरच्या शेजारी २३ अंश कधीच नसतात, आणि गरम झालं की केमिकल लवकर आरपार जातं. शिवाय आतून माणसाच्या हाताची ऊब असतेच. बोट वळताना रबर ताणलं जातं, ड्रमच्या कडेला घासतं. चार्टमध्ये साठ मिनिटं असतील तर साठाव्या मिनिटाला बदलायचा हातमोजा तो नाही, त्याच्या बराच आधी बदलायचा.

आणि धुऊन वाळत घातलेल्या जोड्या. आमच्याकडे शिफ्ट संपली की रेलिंगवर ओळीने हातमोजे लटकायचे, पाइपलाइनवर उलटे करून घातलेले असायचे. कॉस्टिकच्या कामाचे असतील तर ठीक. पण सॉल्व्हंट एकदा रबरात मुरलं की वरून पाण्याने धुतल्याने जात नाही. ते रात्रभर आतल्या बाजूला सरकत राहतं. सकाळी माणूस स्वच्छ दिसणाऱ्या हातमोज्यात हात घालतो आणि कालचं केमिकल आज त्याच्या हाताला लागतं. हे कळल्यावर मी सॉल्व्हंटच्या बाजूला ‘जुनी जमा करा’ हा नियम सैल केला. जुनी आणा, न आणा, नवी घेऊन जा. महिन्याचा खर्च वाढला, त्यावरून मला वर बोलावून विचारणाही झाली. मी भाच्याच्या बोटाचा फोटो दाखवला.

साईझवर कुणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. आमच्या पॅकिंगला बायका होत्या. त्यांच्या हाताला सात नंबर लागायचा आणि स्टोअरमध्ये फक्त दहा नंबर, ‘फ्री साईझ’ या नावाने. बोटांच्या टोकाला दीड-दोन इंच रबर लोंबायचं. लेबल उचलता येत नाही, पिशवीचं तोंड धरता येत नाही, म्हणून त्या हातमोजे काढून ठेवायच्या आणि सुपरवायझर दिसला की घालायच्या. वर्षानुवर्षं त्यांना ‘निष्काळजी’ म्हटलं गेलं. सात नंबरचे आठ डझन मागवल्यावर पंधरा दिवसांत हा प्रश्न संपला. एकीने मला खिडकीशी येऊन हात दाखवला, “ताई, पहिल्यांदा माझ्या मापाचं काहीतरी मिळालं इथे.”

ठेकेदार मंडळींना एक विनंती. कंपनीच्या माणसाला नायट्राइल आणि त्याच ड्रमवर काम करणाऱ्या तुमच्या माणसाला कापडी होजिअरी, हे मी रोज पाहिलंय. कापडी हातमोजा केमिकल शोषून घेतो आणि हाताला बांधून ठेवतो. ड्रमला ठेकेदार कोण ते कळत नाही. हातमोज्यांची जबाबदारी करारात नेमकी लिहा, आणि कंपनीने ते आपल्या स्टोअरमधूनच द्यावेत.

१९८४ साली भोपाळ झालं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं आणि आपण काय हाताळतोय हे जाणून घेण्याचा कामगाराचा हक्क कायद्यात लिहिला गेला. प्रत्येक केमिकलच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये, म्हणजे त्याच्या धोक्यांच्या माहितीपत्रकात, आठव्या भागात हातमोज्यांबद्दल लिहिलेलं असतं. तिथे ‘योग्य हातमोजे वापरावेत’ एवढंच लिहिलं असेल तर ती शीट परत पाठवा आणि रबराचं नाव, जाडी आणि मिनिटं लिहून मागा. मग ते मराठीत आणि हिंदीत ड्रमच्या जागी लावा. फाइलमध्ये ठेवलेली इंग्रजी शीट हेल्परच्या उपयोगाची नाही.

माझं मुख्य मागणं इंडेंटच्या कागदाचं आहे. त्या कागदावर केमिकलचं नाव, त्याची तीव्रता, ते गरम असतं की थंड, हात त्यात बुडतो की ते नुसतं हातावर उडतं, काम किती वेळ चालतं आणि हाताचा नंबर काय, एवढ्या जागा छापून घ्या. त्या भरलेल्या नसतील तर स्टोअरने माल देऊ नये. स्टोअरच्या माणसाला हा अधिकार लेखी द्या, कारण त्याच्याशिवाय तो देणारच, मीही दिलेच. हे व्हायला पैसा फार लागत नाही. बुटाइलची जोडी साध्या रबरी जोडीच्या कित्येक पट महाग पडते, मला माहीत आहे. पण ती सगळ्यांना लागत नाही. ज्यांना लागते ते चार-सहा जण असतात, आणि ते कोण हे आज बऱ्याच कारखान्यांत कुणालाच माहीत नसतं.

दरवर्षी ४ मार्चला आपण राष्ट्रीय सुरक्षा दिन करतो. १९६६ साली त्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, तिचं मुख्य कार्यालय आपल्याच सीबीडी बेलापूरला आहे. गेटवर शपथ होते, बॅज लावले जातात. येत्या ४ मार्चला शपथ झाली की स्टोअरमधल्या प्रत्येक प्रकारचा एकेक हातमोजा टेबलावर मांडा आणि शेजारी त्या-त्या प्लांटमधल्या केमिकलची यादी ठेवा. ऑपरेटर आणि हेल्परना बोलवा आणि त्यांच्यासमोर चार्ट वाचा. जुळत नाहीत तिथे लाल खूण करा.

मी ऐरोलीलाच राहते. ज्यांच्या स्टोअरमध्ये हे काम करायला माणूस नाही त्यांच्याकडे मी येऊन बसायला तयार आहे, दोन दिवस लागले तरी चालेल, पैसे नकोत. माझी वही घेऊन येईन.

आपली,
स्टोअरमधली ताई
ऐरोली, नवी मुंबई

ता. क. पिकलिंग पेस्ट किंवा हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरत असाल तर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आजच मागवा. ते फर्स्ट एडच्या डब्यात कुलूप लावून ठेवू नका, काम चालतं तिथेच ठेवा, आणि रात्रपाळीच्या माणसांना ते कुठे आहे हे माहीत आहे का ते विचारून घ्या. ट्यूबवरची तारीखही बघा.